पाण्याकाठचा पांगारा : एका ओळखीचा इतिहास

सह्याद्रीच्या पश्चिमेला व्हाळांच्या, ओढ्यांच्या आणि खाड्यांच्या काठाने वाढणारे, माघ-फाल्गुनात पानोळा झडून गेल्यावर उघड्या फांद्यांच्या टोकांशी लालभडक तुरे धारण करणारे काटेरी झाड कोणते, या प्रश्नाला कोकणातला शेतकरी ‘पांगारा’ असे एका शब्दात उत्तर देतो. वनस्पतिशास्त्राला मात्र याच झाडाचे निर्विवाद नाव ठरवण्यास दोन शतकांहून अधिक काळ लागला. १६८६ मध्ये ॲमस्टरडॅममध्ये या झाडाचे चित्र छापले गेले, १७५३ मध्ये ते एका अमेरिकन झाडाच्या नावाखाली नोंदवले गेले, अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला भारताचे नाव मिळाले आणि १९१७ मध्ये मनिलात प्रसिद्ध झालेल्या एका ग्रंथाने तेही नाव मागे सारले. हा विलंब अभ्यासकांच्या निष्काळजीपणामुळे झाला असे म्हणता येत नाही; त्याचे कारण झाडाच्या ऋतुमानात आणि अभ्यासाच्या साधनांत एकाच वेळी दडलेले होते.

पांगारा हा शिंबी कुलातील, म्हणजे ज्यांच्या फळांना शेंग म्हटले जाते त्या वाल, तूर, हरभरा यांच्या कुलातील वृक्ष आहे. या कुलातील अनेक वनस्पतींच्या मुळांवर गाठी असतात आणि त्या गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नायट्रोजन वनस्पतीला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. पांगाराही त्याला अपवाद नाही. त्याचे फूल वाटाण्याच्या फुलाप्रमाणे पतंगरूप असते, म्हणजे त्यात एक मोठी पाकळी ध्वजासारखी उभी राहते, दोन बाजूंना पंखदले असतात आणि खालच्या दोन पाकळ्यांची नौका होते. पांगाऱ्यात मात्र ही रचना पक्ष्यांच्या सोयीने बदललेली दिसते: ध्वजदल फार मोठे व लांबट होते, पंख व नौका आखूड राहतात आणि पुंकेसरांचा जुडगा बाहेर निघून येतो, त्यामुळे मधासाठी चोच खुपसणाऱ्या मैना, कोतवाल, बुलबुल, कावळे आणि हिवाळी पाहुण्या भोरड्या यांच्या कपाळाला व गळ्याला पराग लागतो. सालिम अली यांनी १९३२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील फुलांवर येणारे पक्षी आणि पक्ष्यांवर अवलंबून असलेली फुले यांचा जो विस्तृत आढावा घेतला, त्यानंतर हा संबंध भारतीय अभ्यासात पक्का झाला. एरिथ्रिना या प्रजातीत, म्हणजे पांगारा ज्या जातिसमूहात मोडतो त्या समूहात, जगभर सुमारे ११० जाती मानल्या जातात. त्या उष्ण प्रदेशांत सर्वत्र पसरलेल्या आहेत आणि त्यांतील कितीतरी जाती नद्या, दलदली व समुद्रकिनारे यांच्या आश्रयाने राहतात.

ओळखीची खरी अडचण येथेच सुरू होते. वनस्पतीची जात ठरवण्यासाठी फूल, पान, फळ आणि साल ही चारही अंगे एकत्र पाहावी लागतात, आणि पांगारा ती एकत्र दाखवत नाही. फूल येते तेव्हा पान नसते. तीन पर्णिकांचे पान पूर्ण वाढते तेव्हा फूल गेलेले असते. मण्यांच्या माळेप्रमाणे मध्ये मध्ये आवळलेली काळपट शेंग आणखी पुढे पिकते. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकात प्रवासी संग्राहक एका ठिकाणाहून एकदाच जात असे, फांदी तोडून कागदात दाबत असे आणि ते नमुनापत्र हजारो मैलांवरच्या शुष्क वनस्पतिसंग्रहाकडे रवाना करत असे. तेथे पोहोचेपर्यंत लाल पाकळी तपकिरी झालेली असे, आणि फेब्रुवारीतला नमुना ऑगस्टमधल्या नमुन्याला जोडावा की नाही हे ठरवण्याचा कोणताही मार्ग टेबलाजवळ बसलेल्या विद्वानाला उपलब्ध नसे. फूल एका जातीचे आणि पान दुसऱ्या जातीचे असे एकाच नावाखाली येण्याची शक्यता या पद्धतीतच होती. जो माणूस त्याच झाडाकडे वर्षातून तीनदा जाऊ शकत होता, त्याची ओळख अधिक भरवशाची ठरली. या सगळ्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसून येते.

पांगाऱ्याची इतर लाल फुलांच्या झाडांशी होणारी गल्लत त्या मानाने सोपी आहे, तरीही ती मोठमोठ्यांकडून झाली. सावर काटेरी असते आणि तीही निष्पर्ण अवस्थेत लाल फुलते, पण तिचे फूल पाच जाड पाकळ्यांच्या पेल्यासारखे असते, पान हाताच्या पंजासारखे पाच-सात पर्णिकांचे असते आणि फळातून कापूस निघतो; तिचा शिंबी कुलाशी काहीही संबंध नाही. पळस मात्र शिंबी कुलातलाच आहे, त्यालाही तीन पर्णिका असतात आणि तोही पान गाळून फुलतो. फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्क याने अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पळसाला पांगाऱ्याच्याच प्रजातीत घातले आणि त्याच्या शेंगेत एकच बी असते म्हणून त्याला एरिथ्रिना मोनोस्पर्मा असे नाव दिले. पळसाची प्रजाती निराळी असल्याचे पुढे मान्य झाले आणि १८९४ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ टाउबर्ट याने लामार्कच्या नावातील उत्तरार्ध कायम ठेवून ब्यूटिया मोनोस्पर्मा हे आजचे नाव रूढ केले. पळसाच्या अंगावर काटा नसतो, त्याच्या पर्णिका चामड्यासारख्या जाड व खरखरीत असतात आणि कळीवर काळपट मखमल असते. हे तिन्ही भेद जंगलात लहान मुलालाही सांगता येतात, परंतु पॅरिसमध्ये पोहोचलेल्या वाळक्या फांदीवरून ते सगळे सहज वाचता येत नव्हते, ही गोष्ट लामार्कच्या बाजूने नोंदवली पाहिजे.

संस्कृत परंपरेत या झाडाची ओळख वेगळ्या रीतीने गुंतागुंतीची झालेली आहे. अमरकोशात पारिभद्र, निंबतरू, मंदार आणि पारिजातक ही चार नावे एकाच झाडाची म्हणून दिली आहेत आणि निघंटुकारांनी, म्हणजे औषधी वनस्पतींचे कोश रचणाऱ्यांनी, ती पांगाऱ्याकडे नेली. त्याच अमरकोशात स्वर्गातील पाच देवतरूंमध्ये मंदार आणि पारिजातक यांची दोन स्वतंत्र झाडे म्हणून गणना होते, आणि पारिभद्रक हे नाव अन्यत्र देवदाराच्या पर्यायांतही येते. मराठीत पारिजातक म्हणजे रात्री फुलून पहाटे गळणारे केशरी देठांचे पांढरे फूल, आणि मंदार म्हणजे पांढरी रुई. यांपैकी कशाचाही पांगाऱ्याशी कुलसंबंध नाही. म्हणून एखाद्या जुन्या ग्रंथात पारिभद्राची साल घ्यावी असे लिहिले असता ती कोणत्या झाडाची, हे केवळ नावावरून ठरवणे धोक्याचे असते. वैद्यांच्या घराण्यांत ही अडचण झाड प्रत्यक्ष दाखवून सोडवली जात असे, आणि ज्ञानाची ही रीत पुढे युरोपातील एका मोठ्या ग्रंथाचाही आधार झाली.

तो ग्रंथ म्हणजे ‘होर्टस मलाबारिकस’. डच ईस्ट इंडिया कंपनीचा मलबारमधील प्रमुख हेंड्रिक व्हान रेडे याने १६७० नंतर कोचीन येथे हे काम सुरू केले आणि १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅममधून त्याचे बारा खंड प्रसिद्ध झाले. इट्टी अच्युतन हे मल्याळी वैद्य आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे कोकणी भाषिक ब्राह्मण यांनी वनस्पतींची ओळख व गुण सांगितले, आणि या तीन ब्राह्मणांचे २० एप्रिल १६७५ रोजीचे नागरी लिपीतील निवेदन पहिल्या खंडात जसेच्या तसे छापलेले आहे. ग्रंथातील चित्रफलकांवर लॅटिन लिपीबरोबर मल्याळम, अरबी आणि नागरी अक्षरांतही झाडांची नावे आढळतात. सतराव्या शतकात युरोपात छापल्या गेलेल्या पुस्तकात नागरी अक्षरे अशा संख्येने येणे ही फार दुर्मिळ गोष्ट होती, आणि गोमंतकातून दक्षिणेकडे गेलेल्या कोकणी समाजाच्या वनस्पतिज्ञानाचा तो लिखित पुरावा आहे. १६८६ मध्ये निघालेल्या सहाव्या खंडात ‘मूरिकू’ या मल्याळी नावाने पांगारा येतो. मलबारात आजही त्याला मुरिक्कूच म्हणतात. वर्णने मल्याळममधून पोर्तुगीजमध्ये आणि पोर्तुगीजमधून लॅटिनमध्ये गेली, तरी चित्र काढणारा कोचीनमध्येच राहत होता, झाड त्याच्या आवाक्यात होते आणि फूल, पान व शेंग वेगवेगळ्या वेळी पाहून एकत्र मांडणे त्याला शक्य होते. रेडे स्वतः १६९१ मध्ये सुरतेकडे जात असताना मुंबई किनाऱ्यालगत जहाजावर मरण पावला आणि सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची भव्य कबर उभी राहिली. वनस्पतिशास्त्रज्ञ के. एस. मणिलाल यांनी अनेक दशकांच्या परिश्रमानंतर २००३ मध्ये या बारा खंडांचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्यात प्रत्येक झाडाची आजची ओळख नव्याने पडताळून दिली आहे, आणि भारतीय वनस्पतिशास्त्रावरचे हे मोठे ऋण आहे.

पाण्याकाठच्या पांगाऱ्याची पहिली स्पष्ट नोंद मात्र मलबारात न होता मोलुक्का बेटांपैकी अंबोन येथे झाली, आणि ती करणाऱ्या माणसाचे आयुष्य या संपूर्ण इतिहासातले सर्वांत हृदयद्रावक प्रकरण आहे. गेओर्ग एबरहार्ड रम्फियस हा जर्मन वंशाचा, डच कंपनीच्या नोकरीतील माणूस १६५४ पासून अंबोनमध्ये राहत होता. १६७० मध्ये त्याची दृष्टी गेली. १६७४ च्या भूकंपात त्याची पत्नी आणि एक मुलगी मरण पावली. १६८७ च्या आगीत त्याच्या ग्रंथासाठी काढलेली चित्रे जळाली, तेव्हा मुलगा पाउलस आणि इतर सहायक यांच्या मदतीने ती पुन्हा काढवून घेण्यात आली. १६९२ मध्ये हस्तलिखित हॉलंडला नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले, आणि बटाव्हियाच्या गव्हर्नर जनरलने आधीच एक प्रत करून ठेवली होती म्हणूनच ग्रंथ वाचला. त्यानंतरही मसाल्यांच्या प्रदेशाची माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडेल या भीतीने कंपनीने तो रोखून धरला. रम्फियस १७०२ मध्ये वारला, आणि योहानेस बुर्मान याच्या संपादनाखाली ‘हर्बेरियम अंबोइनेन्स’ १७४१ पासून छापले जाऊ लागले.

या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडात रम्फियसने तेथील ‘गेलाला’ या झाडाचे प्रकार वेगळे केले आहेत. समुद्रकिनाऱ्यावर वाढणाऱ्या गेलालाला त्याने ‘लिटोरिया’, म्हणजे किनाऱ्याचा, असे विशेषण दिले. ओढ्याकाठी व पाणथळ जागी वाढणाऱ्याला ‘अक्वाटिका’, म्हणजे पाण्यातला, असे म्हटले. आणि पानांवर पांढुरके पट्टे असलेल्या, हौसेने लावल्या जाणाऱ्या झाडाला ‘आल्बा’ म्हटले. आजच्या परिभाषेत यांतील पहिला व तिसरा एकाच जातीचे, म्हणजे कोकणातल्या पांगाऱ्याच्या जातीचे आहेत, आणि दुसरा मात्र खरोखरच वेगळ्या जातीचा, एरिथ्रिना फुस्का आहे. दृष्टी गमावलेल्या माणसाने जागेचा, पाण्याचा आणि स्थानिकांच्या वापराचा आधार घेऊन केलेला हा भेद शंभर वर्षांनंतरच्या नमुनापत्रांवर अवलंबून असलेल्या वर्गीकरणापेक्षा अचूक ठरला, हे मान्य करावे लागते. फुस्काची फुले पांगाऱ्याइतकी रसरशीत लाल नसतात, त्यांत विटकरी-नारिंगी छटा असते; तिच्या पर्णिका लंबगोल, टोकाशी बोथट आणि खालच्या बाजूने फिकट असतात, आणि शेंगेवर कोवळेपणी मखमली लव असते. अंदमान, आसाम, बंगालच्या नद्या-खाड्यांचे काठ येथे ती आढळते. पोर्तुगीज धर्मोपदेशक जुआंव द लोरेरू याने कोचिनचीनमध्ये, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या दक्षिण व मध्य भागात, तीन दशकांहून अधिक काळ राहून जी वनस्पतिसूची रचली, तीत १७९० मध्ये तिला हे नाव मिळाले. एरिथ्रिना प्रजातीत आशिया आणि अमेरिका या दोन्ही खंडांत निसर्गतः आढळणारी ही एकच जात आहे, आणि पाण्यावर तरंगून दूरवर जाणाऱ्या तिच्या बियांमुळे हा विस्तार घडला असे मानले जाते.

कार्ल लिनियसने १७५३ मध्ये ‘स्पेसीज प्लांटारम’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव देण्याची पद्धत घालून दिली. वनस्पतींच्या नावांचा अग्रक्रम आजही याच वर्षापासून मोजला जातो. लिनियसने वेस्ट इंडीजमधल्या एका लाल फुलांच्या झाडाला एरिथ्रिना कोरॅलोडेंड्रॉन असे नाव दिले आणि पूर्वेकडील पांगाऱ्याला त्याच जातीचा ‘ओरिएंटालिस’ हा एक प्रकार ठरवले. दोन महासागरांनी विभागलेली दोन झाडे अशा रीतीने एका नावाखाली आली. पुढच्याच वर्षी, १७५४ मध्ये, लिनियसच्या मार्गदर्शनाखाली ओलोफ स्टिकमन या विद्यार्थ्याने रम्फियसच्या ग्रंथावर प्रबंध सादर केला आणि त्यात पट्टेरी पानांच्या गेलालाला एरिथ्रिना व्हेरिएगाटा, म्हणजे चित्रविचित्र पानांची, हे नाव मिळाले. सुमारे तीन दशकांनी लामार्कने भारतातील पांगारा वेगळी जात असल्याचे ओळखून त्याला एरिथ्रिना इंडिका म्हटले. हे नाव समर्पक होते आणि सुमारे एकशे तीस वर्षे ते सर्वत्र चालले. परंतु अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञ एल्मर मेरिल याने फिलिपिन्समध्ये काम करताना रम्फियसच्या चित्रांची अंबोनमध्ये गोळा केलेल्या नमुन्यांशी पडताळणी करून १९१७ मध्ये जे विवेचन मनिला येथे प्रसिद्ध केले, त्यात पट्टेरी गेलाला आणि इंडिका ही एकच जात असल्याचे दाखवले. जातीच्या दर्जावर जे वैध नाव आधी दिले गेले तेच चालावे, या अग्रक्रमाच्या नियमानुसार व्हेरिएगाटा कायम झाले. त्यामुळे कोकणातल्या संपूर्ण हिरव्या पानांच्या पांगाऱ्याला आज शास्त्रात जे नाव आहे, ते अंबोनच्या बागेतील एका शोभेच्या वाणावरून आलेले आहे; वर्णन म्हणून ते चुकीचे वाटले तरी नियम म्हणून ते अबाधित आहे.

भारतातील जातींचा निवाडा करण्याचे काम मुख्यतः विल्यम रॉक्सबर्ग याने केले. १७९३ पासून दोन दशके कलकत्त्याच्या वनस्पतिउद्यानाचा प्रमुख असलेल्या रॉक्सबर्गने आपल्या पूर्वसूरींना न लाभलेली सोय उभी केली: झाडे बागेत लावायची, ती वर्षानुवर्षे वाढू द्यायची आणि प्रत्येक अवस्थेचे चित्र भारतीय चित्रकारांकडून काढवून घ्यायचे. अशी अडीच हजारांहून अधिक चित्रे तयार झाली. त्या चित्रकारांपैकी बहुतेकांची नावे नोंदवली गेली नाहीत, ही या कार्यातली मोठी उणीव आहे. पांगाऱ्याच्या भाऊबंदांपैकी एरिथ्रिना स्ट्रिक्टा आणि एरिथ्रिना सुबेरोसा ही नावे रॉक्सबर्गचीच आहेत. ही दोन्ही झाडे महाराष्ट्रातही आढळतात आणि बहुतेक ठिकाणी त्यांना पांगाराच म्हटले जाते, म्हणून त्यांच्यातला भेद थोडा जवळून पाहणे आवश्यक आहे.

कळी उमलताना पुष्पकोश, म्हणजे पाकळ्यांना बाहेरून वेढणारे आवरण, कसा फाटतो हे प्रथम पाहावे. किनारी पांगाऱ्यात, म्हणजे व्हेरिएगाटात, तो एका बाजूने थेट बुडापर्यंत चिरत जातो आणि त्याच्या टोकाशी पाच बारीक दाते राहतात. स्ट्रिक्टात तो चिरतो पण टोकाशी दाते नसतात. सुबेरोसात तो दोन ओठांत विभागतो. त्यानंतर नौकेच्या दोन पाकळ्या हलक्या हाताने ओढून पाहाव्यात: व्हेरिएगाटात त्या सुट्या निघतात आणि पंखदलांच्या जवळपास तितक्याच लांबीच्या असतात, तर स्ट्रिक्टात त्या एकमेकींना जोडलेल्या असून पंखदले अगदी इवलीशी असतात. फूल नसेल तर खोडाकडे वळावे. व्हेरिएगाटाच्या कोवळ्या फांद्यांवर काळे काटे असतात, वय वाढले की ते गळतात आणि राखी-हिरवट सालीवर उभ्या फिकट रेषा उरतात. स्ट्रिक्टाचे काटे पांढुरके असतात. सुबेरोसाची साल बुचासारखी जाड व खोल भेगाळलेली असते आणि तिच्या पर्णिकांच्या खालच्या बाजूला राखाडी लव असते. रंगावर विसंबून चालत नाही, कारण किनारी पांगाऱ्याचाच एक पांढऱ्या फुलांचा प्रकारही अस्तित्वात आहे. जागेचा संकेत मात्र उपयोगी पडतो: सुबेरोसा कोरड्या पानगळी रानात, स्ट्रिक्टा घाटाच्या ओलसर जंगलांत आणि व्हेरिएगाटा किनारपट्टीत, गावांभोवती व पाण्याच्या काठाने अधिक भेटतो.

मुंबई इलाख्यात या ज्ञानाची जमवाजमव हौशी आणि सरकारी अशा दोन्ही प्रकारच्या माणसांनी केली. टपाल खात्यातला अधिकारी जॉन ग्रॅहॅम याची मुंबई परिसरातील वनस्पतींची यादी १८३९ मध्ये, त्याच्या मृत्यूच्याच वर्षी, छापली गेली. पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी वनस्पतिउद्यान सांभाळणारा आणि पुढे इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झालेला अलेक्झांडर गिब्सन याने एका पोर्तुगीज-भारतीय चित्रकाराकडून १८४७ ते १८५० या काळात वनस्पतींची चित्रे काढवून घेतली. ती आज एडिंबरा येथील शाही वनस्पतिउद्यानात आहेत आणि चित्रकाराचे नाव येथेही हरवले आहे. गिब्सन व त्याचा सहलेखक डाल्झेल यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला, आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात इलाख्याच्या वनस्पतींचा तो ग्रंथ सिद्ध केला, जो महाराष्ट्रातले अभ्यासक आजही उघडतात. कुक यांच्या ग्रंथात शोधताना पांगारा इंडिका या नावाखाली पाहावा लागतो, कारण मेरिलचे विवेचन तोवर झालेले नव्हते. जुन्या आणि नव्या पुस्तकांत दोन वेगळी झाडे आहेत असा समज विद्यार्थ्यांत होतो तो यामुळेच.

शेतकऱ्याने पांगारा ओळखला तो मात्र पाकळ्यांवरून नव्हे, त्याच्या उपयोगावरून. पांगाऱ्याची मनगटाएवढी फांदी तोडून पावसाळ्याच्या तोंडावर जमिनीत रोवली की ती मूळ धरते, म्हणून कोकणात वईसाठी, म्हणजे जिवंत कुंपणासाठी, आणि बांध व व्हाळ यांच्या कडेला माती धरून ठेवण्यासाठी ती लावली जाते; काट्यांमुळे गुरे लांब राहतात आणि पाला गळून जमिनीला खत मिळते. मलबार व गोव्याकडे मिरीचा वेल पांगाऱ्यावर चढवतात. देशावरच्या पानमळ्यांत नागवेलीला आधार म्हणून शेवरी, हादगा, शेवगा यांच्या जोडीने पांगारा लावण्याची रीत होती. पानमळा पाटाच्या पाण्याशिवाय जगत नाही, त्यामुळे कोरड्या मुलखातही हे झाड पाटाच्या काठाला दिसू लागले. या रीतीचा ओळखीवर एक परिणाम झाला, तो अभ्यासकांच्या ध्यानात उशिरा आला. रोवलेल्या फांदीपासून वाढलेले झाड हे मूळ झाडाचीच पुनरावृत्ती असते, आणि पुराने मोडून वाहत आलेली फांदीही गाळात रुजू शकते. म्हणून एखाद्या ओढ्याकाठी पांगारा उभा आहे एवढ्यावरून तो तेथला मूळ रहिवासी आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही.

लाकूड हलके, मऊ आणि बांधकामाला निरुपयोगी असल्यामुळे वनखात्याच्या पुस्तकांत पांगाऱ्याला किंमत मिळाली नाही, परंतु सावंतवाडीच्या चितारआळीत ती मिळाली. तेथील कारागीर लाकडी फळे, भाज्या व खेळणी यांसाठी पांगाऱ्याचे लाकूड वापरत आले, कारण ते कोरायला सोपे असते आणि वाळल्यावर हातात वजन म्हणून जाणवत नाही. खेळण्यातले लाकडी केळे खऱ्या केळ्यापेक्षाही हलके लागते, ते या लाकडाच्या सच्छिद्रपणामुळे. हवाई बेटांवर याच प्रजातीच्या ‘विलीविली’ या झाडाच्या लाकडापासून होड्यांचे तोलदांडे आणि लाटांवर स्वार होण्याच्या फळ्या करत असत. हजारो मैलांच्या अंतरावरील दोन समाजांनी एकाच गुणावर नेमके बोट ठेवले होते.

दक्षिण अमेरिकेत या प्रजातीचा जलप्रेमी स्वभाव सर्वांत ठळकपणे दिसतो. पाराना व उरुग्वे या नद्या आणि त्या जेथे मिळतात ते ला प्लाताचे रुंद मुख यांच्या दलदलीच्या काठांनी ‘सेइबो’ नावाचे लाल फुलांचे झाड वाढते. लिनियसने १७६७ मध्ये त्याला एरिथ्रिना क्रिस्टा-गाली, म्हणजे कोंबड्याचा तुरा, असे नाव दिले. अर्जेंटिनाने १९४२ मध्ये त्याचे फूल राष्ट्रीय फूल म्हणून स्वीकारले आणि शेजारच्या उरुग्वेचेही तेच राष्ट्रीय फूल आहे. भारतातील उद्यानांत हे झाड शोभेसाठी आणले गेले आहे आणि पांगाऱ्याशी त्याची गल्लत होते, ती टाळणे कठीण नाही: सेइबो पाने असतानाच फुलतो, आणि त्याच्या फुलात ध्वजदल वर उभे न राहता उलटे होऊन खाली पसरते, तर नौका वरच्या बाजूला येते. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स प्रांतात बागांमधून सुटलेला सेइबो नद्यांच्या काठी बियांनी व मोडक्या फांद्यांनी पसरला, आणि मायदेशी राष्ट्रीय मान मिळालेले झाड तेथे तण म्हणून उपटले जाऊ लागले.

एकविसाव्या शतकात पांगाऱ्याच्या जाती नेमक्या ओळखण्याची निकड एका कीटकाने निर्माण केली. क्वाड्रास्टिकस एरिथ्रिनी ही जेमतेम दीड मिलिमीटर लांबीची गांधीलमाशीच्या गणातील माशी कोवळ्या पानांत व देठांत अंडी घालते, त्या जागी गाठी येतात, पाने वेडीवाकडी होतात आणि जोराची लागण झालेले झाड पुन्हा पुन्हा पालवून अखेर मरते. २००४ मध्ये तिचे प्रथम शास्त्रीय वर्णन झाले, २००५ मध्ये ती हवाईत पोहोचली, आणि त्याच सुमारास केरळात मिरीच्या वेलांना आधार देणाऱ्या मुरिक्कूवर तिचा उपद्रव नोंदला गेला. हवाईत वाऱ्याला आडोसा म्हणून लावलेल्या व्हेरिएगाटाच्या सरळसोट वाणाच्या रांगा वाळल्या आणि विलीविलीची रानेही धोक्यात आली, तर केरळातील शेतकऱ्यांना मिरीसाठी दुसरे आधारवृक्ष शोधावे लागले. हा कीटक सर्व जातींवर सारखा जात नाही, म्हणून कोणत्या काठावर कोणती जात उभी आहे हे पुन्हा एकदा झाडापाशी जाऊन, पुष्पकोश चिरून आणि सालीवर हात फिरवून ठरवावे लागले. आफ्रिका ही या कीटकाची मूळ भूमी असल्याने तेथेच त्याच्या शत्रूचा शोध घेण्यात आला. टांझानियातून आणलेला युरिटोमा एरिथ्रिनी हा परजीवी कीटक कसून चाचण्या झाल्यानंतर नोव्हेंबर २००८ मध्ये हवाईत सोडण्यात आला, आणि त्यानंतर विलीविलीला पुन्हा निरोगी पालवी येऊ लागली.